चक्री दिन : राज्यस्थापनेचा सण आणि जीर्णोद्धाराची परंपरा

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला की पारावर एक चर्चा हमखास निघते. देऊळ मुळात बांधले कोणी? कोणी म्हणतो अमक्या राजाने, कोणी म्हणतो तमक्या साधूने. पाया घालणाऱ्याचे नाव सर्वांना हवे असते. परंतु मधल्या काळात ज्यांनी दर पावसाळ्यापूर्वी गळती काढली, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप उपटले, पडलेला चिरा परत बसवला, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. मग पाया घालणारा मोठा की पडझड सावरणारा मोठा? आज याच प्रश्नाचा विचार एका दूरच्या देशाच्या उदाहरणाने करावयाचा आहे. तो देश म्हणजे थायलंड, ज्याला पूर्वी सयाम म्हणत. तेथे राजघराण्याच्या स्थापनेचा दिवस राष्ट्रीय सुटीचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवसाची सारी हकीकत एका देवालयाच्या जीर्णोद्धाराशी जडलेली आहे.

हा दिवस म्हणजे ६ एप्रिल, चक्री दिन. इ. स. १७८२ मध्ये या तारखेला चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला. तेव्हापासून आजवर या घराण्यात दहा राजे झाले. इकडे महाराष्ट्रात त्या वेळी सवाई माधवरावांची पेशवाई होती, नाना फडणवीस कारभार पाहत होते, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी सालबाईचा तह झाला. अहिल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले ते त्याच सुमारास, १७८० मध्ये. यावरून काळाची कल्पना यावी.

'चक्री' हा शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. चक्र धारण करणारा तो चक्री, म्हणजे विष्णू. चक्र आणि त्रिशूळ एकमेकांत गुंफलेले, हे या घराण्याचे चिन्ह आहे. घराण्याचा मूळ पुरुष राजा होण्यापूर्वी सेनापती व प्रधान होता, आणि 'चाओ फ्राया चक्री' हा त्याचा हुद्दा होता. तेच नाव पुढे घराण्याला मिळाले. त्याच्या वंशजांची नावेही ओळखीची वाटतात. चौथा राजा मोंगकुत म्हणजे मुकुट. पाचवा चुलालोंगकोर्न म्हणजे चूडालंकार. सहावा वजिरावुध म्हणजे वज्रायुध. नववा भूमिबोल म्हणजे भूमिबल. या सर्व राजांना 'राम' म्हणून क्रमांकाने ओळखण्याचा प्रघात आहे. राम पहिला, राम दुसरा याप्रमाणे. देश बौद्ध धर्माचा, पण राजाला नाव रामाचे, चिन्ह विष्णूचे आणि दरबारी विधी करणारे ब्राह्मण. ही सांगड तेथे शतकानुशतके चालत आलेली आहे.

आता त्या स्थापनेची पार्श्वभूमी पाहू. सयामची जुनी राजधानी अयुध्या. आपल्या अयोध्येचेच हे नाव. सुमारे चारशे वर्षे ते नगर भरभराटीत होते. १७६७ च्या एप्रिल महिन्यात ब्रह्मदेशच्या फौजेने ते जिंकले, लुटले आणि जाळले. देवळे पडली, ग्रंथ गेले, माणसे पांगली. अशा वेळी ताक्सिन नावाच्या सरदाराने विखुरलेले लोक गोळा केले, शत्रूला हुसकावले आणि चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथे नवी राजधानी केली. पंधरा वर्षे त्याने राज्य केले. चक्री हा त्याचाच सेनापती. १७८२ मध्ये ताक्सिनविरुद्ध बंड झाले. त्या वेळी चक्री कंबोडियाच्या मोहिमेवर होता. तो परत आला आणि गादीवर बसला. ताक्सिनला देहान्त शिक्षा झाली. ताक्सिनचे चित्त शेवटी भ्रमिष्ट झाले होते, असे बखरी म्हणतात. मात्र त्या बखरी नव्या राजवटीत लिहिल्या गेल्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

राम पहिला याने राजधानी नदीच्या पूर्व तीरावर नेली. तेच आजचे बँकॉक. २१ एप्रिल १७८२ रोजी नगरस्तंभाची स्थापना झाली. थाई लोक आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणतात, म्हणजे देवांची नगरी. शहराचे पूर्ण नाव मात्र फार लांब आहे. त्यात अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, अवतार, विश्वकर्मा असे शब्द थाई उच्चाराने एकामागून एक येतात. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने रचलेली नगरी, असा त्याचा भाव आहे. नावात 'अयोध्या' मुद्दाम ठेवलेली दिसते. जळून गेलेले जुने नगर विसरावयाचे नाही, ते पुन्हा उभे करावयाचे, असा तो संकल्प होता.

हा संकल्प नुसत्या नावापुरता राहिला नाही. उजाड अयुध्येच्या तटबंदीच्या विटा काढून होड्यांतून नदीमार्गे आणल्या गेल्या आणि नव्या शहराच्या तटात बसवल्या गेल्या. अयुध्या, सुखोदय वगैरे पडक्या नगरांतून ऊनपावसात पडलेल्या बाराशेहून अधिक बुद्धमूर्ती राजधानीत आणल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ मूर्ती आज 'वात फो' या मोठ्या मंदिराच्या ओवऱ्यांत ओळीने बसलेल्या दिसतात. ते वात फो मंदिरही मुळात जुनेच. या राजाने १७८८ मध्ये त्याचे काम हाती घेतले आणि ते १८०१ मध्ये पुरे झाले. त्रिपिटक शुद्ध करून घेण्यासाठी १७८८ मध्ये भिक्षूंची सभा भरली. विस्कळित झालेले कायदे तपासून १८०५ मध्ये एकत्र केले गेले. आगीत नष्ट झालेले रामकथेचे वाङ्मय नव्याने जुळवून 'रामकियेन', म्हणजे रामकीर्ती, हे काव्य १७९७ च्या सुमारास राजाच्या देखरेखीखाली सिद्ध झाले.

सज्जनहो, या कामांची यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला घराण्याचा संस्थापक म्हणून गौरवले जाते, त्याच्या आयुष्यातील बहुतेक मोठी कामे जीर्णोद्धाराची आहेत. विटा जुन्या, मूर्ती जुन्या, कायदा जुना, कथा जुनी. त्याने त्या गोळा केल्या, पुसल्या, जोडल्या आणि पुन्हा जागेवर बसवल्या. मोडलेला संसार सावरला, म्हणूनच त्याला संस्थापकाचा मान मिळाला.

त्याने बांधलेल्या देवालयाविषयी आता थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. राजवाड्याच्या आवारातच 'वात फ्रा केव' हे मंदिर आहे. राजघराण्याचे हे खासगी देवालय. त्यात भिक्षूंची वस्ती नसते. गाभाऱ्यातील बुद्धमूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच आहे. लोक तिला पाचूची मूर्ती म्हणतात, पण ती आहे दुसऱ्याच एका हिरव्या दगडाची. १७८४ मध्ये तिची येथे प्रतिष्ठा झाली. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंचे तीन पोषाख या मूर्तीला आहेत. पहिले दोन राम पहिला याने करविले, हिवाळ्याचा राम तिसरा याने. ऋतू बदलला की राजा स्वतः पोषाख बदलण्याचा विधी करतो. देवाला थंडीत उबदार वस्त्र आणि उन्हाळ्यात चंदनाची उटी, ही रीत जाणणाऱ्या आपल्या लोकांना त्या विधीमागचा भाव समजावून सांगावा लागणार नाही.

मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर संपूर्ण रामकथा चितारलेली आहे. एकूण १७८ चित्रफलक आहेत. कथा रामाचीच, पण वळण तेथले. रावणाला तेथे दशकंठ या अर्थाचे 'तोत्सकान' हे नाव आहे. सीता ही रावणाचीच कन्या, असे तेथील कथा सांगते. हनुमंत तेथे ब्रह्मचारी नाही. राजवाडे, नौका, शिरोभूषणे, सारे सयामी थाटाचे. दाराशी रामकथेतील प्रचंड राक्षस जोडीजोडीने हाती गदा घेऊन उभे आहेत. जे रामाशी लढले तेच आता मंदिराचे द्वारपाल झाले आहेत.

परंतु ही भित्तिचित्रे आज दिसतात ती पहिल्या राजाच्या काळातली नव्हेत. हवा दमट, पाऊस मुबलक, भिंतीत ओल चढते, रंग फुगतो आणि पापुद्रे गळून पडतात. म्हणून पिढ्यापिढ्यांनी ती दुरुस्त केली आणि पुन्हा रंगवली. रंग नवा, हात नवा, कथा तीच आणि भिंतही तीच. मंदिराच्या छपराचे, काचकामाचे, कळसांचेही असेच होत आले आहे. आणि या दुरुस्त्यांना तेथे एक पक्के वेळापत्रक पडून गेले. राजधानीला पन्नास वर्षे पुरी होत आली तेव्हा, १८३२ च्या सुमारास, राम तिसरा याने मंदिराचा मोठा जीर्णोद्धार केला. शंभर वर्षांच्या वेळी, १८८२ मध्ये, चुलालोंगकोर्न राजाने काम पुरे करविले. दीडशे वर्षांच्या वेळी, १९३२ मध्ये, प्रजाधिपोक राजाने. दोनशे वर्षांच्या वेळी, १९८२ मध्ये, भूमिबोल राजाच्या कारकिर्दीत. दर पन्नास वर्षांनी एकदा, म्हणजे साधारण दोन पिढ्यांनी एकदा, स्थापनेचा उत्सव आणि देवळाची दुरुस्ती एकत्र आली.

यांतील दोन प्रसंग आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १८८२ पूर्वी काम फार रेंगाळलेले होते. शताब्दी तोंडावर आली होती. तेव्हा राजाने आपल्या बंधूंना बोलावून मंदिराचा एकेक भाग एकेकाच्या अंगावर टाकला. ज्याला जो भाग दिला, त्याने तो पुरा करावयाचा. जबाबदारी वाटली गेली आणि काम शताब्दीच्या मुहूर्तावर संपले. आपल्याकडे एका वाडीने सभामंडप, दुसरीने प्राकार आणि तिसरीने दीपमाळ अंगावर घ्यावी, तसाच हा प्रकार. दुसरा प्रसंग १९८२ चा. त्या वेळच्या कामाचे नेतृत्व राजकन्या महाचक्री सिरिंधोर्न यांच्याकडे होते. त्या पाली व संस्कृत भाषांच्या अभ्यासक आहेत. भारताशी त्यांचा संबंध जुना असून २०१७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. छपरे, काचकाम, रंगकाम, भित्तिचित्रे असा सारा व्याप होता. चक्री घराण्याच्या स्थापनेचा सोहळा दोनशे वर्षांनी साजरा झाला, तो असा देवळाच्या कामातून.

आता हा दिवस राष्ट्रीय सण कसा झाला ते पाहू. त्यातही एक पडझड आणि एक दुरुस्ती आहे. चौथ्या राजाने १८५५ मध्ये मंदिराच्या आवारात एक नवा प्रासाद बांधावयास घेतला होता. मुख्य मूर्ती तेथे न्यावी, असा विचार होता. पण विधींना जागा अपुरी पडेल असे दिसून आल्यामुळे तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे १९०३ मध्ये त्या इमारतीला आग लागली, छप्पर कोसळले आणि आतले सारे जळाले. सहावा राजा वजिरावुध याने तिची दुरुस्ती पुरी करून तेथे पूर्वीच्या पाच राजांच्या मूर्ती बसविल्या आणि तिला नाव दिले 'प्रासात फ्रा थेप बिदोन'. यातील प्रासात म्हणजे प्रासाद, थेप म्हणजे देव आणि बिदोन म्हणजे पितर. देवपितरांचा प्रासाद. १९१८ च्या ६ एप्रिलला तेथे पहिला पूजाविधी झाला आणि तो दिवस चक्री दिन ठरला. जी वास्तू मूळ कामासाठी अपुरी ठरली आणि नंतर आगीत सापडली, तीच दुरुस्त होऊन सणाचे मुख्य स्थान झाली. एरवी हा प्रासाद बहुतेक बंद असतो. चक्री दिनासारख्या मोजक्या दिवशी तो उघडतो आणि सामान्य माणसे आत जाऊन जुन्या राजांना वंदन करतात. त्या दिवशी कचेऱ्या व बँका बंद असतात. राजघराण्याकडून मंदिरात पुण्यविधी होतो आणि पहिल्या राजाच्या पुतळ्याला पुष्पचक्र वाहिले जाते. आठवड्याने, १३ एप्रिलला, तेथे सोंगक्रान म्हणजे संक्रांत येते. सूर्याच्या मेषसंक्रमणाच्या धोरणाने बसलेला तो थाई लोकांचा वर्षारंभ होय.

पहिल्या राजाचा पुतळा ज्या पुलाच्या तोंडाशी आहे, त्या पुलाचीही कथा ऐकण्यासारखी आहे. घराण्याला दीडशे वर्षे झाली म्हणून ६ एप्रिल १९३२ रोजी चाओ फ्राया नदीवरील हा स्मारक पूल खुला झाला. राजाचा स्वतःचा पैसा, सरकारी तिजोरी आणि लोकांची वर्गणी अशा तिन्ही वाटांनी त्याचा खर्च उभा राहिला. पुलाच्या एका टोकाला चक्रीचे बँकॉक आणि दुसऱ्या टोकाला ताक्सिनचे थोनबुरी. ज्या नदीने दोन राजधान्या आणि दोन कारकिर्दी वेगळ्या केल्या होत्या, ती आता पायी ओलांडता येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात हा पूल बॉम्बहल्ल्यात मोडला आणि १९४९ मध्ये दुरुस्त झाला.

मात्र १९३२ चा तो उत्सव होऊन तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २४ जून रोजी, राज्यक्रांती झाली. राजाची अनियंत्रित सत्ता संपली आणि राज्यघटनेखालील राजेपद उरले. तीन वर्षांनी प्रजाधिपोक राजाने गादी सोडली. दीडशे वर्षांचा गाजावाजा सत्तेला वाचवू शकला नाही. पण देवालय राहिले, सण राहिला, पूलही राहिला. सत्ता हातातून गेल्यावरही जे टिकले, ते लोकांच्या वापरातले होते.

श्रोतेहो, येथे गोड गोष्टींबरोबर कडू गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर स्मरण अर्धवट राहील. बँकॉकभोवतीचा मोठा कालवा खणण्यासाठी १०,००० कंबोडियन माणसे आणि तटाच्या कामासाठी ५,००० लाओ माणसे लावली होती, असे तेथील बखरी सांगतात. ही माणसे वेठीची होती. राजवाड्याच्या जागेवर आधी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला उठवून सांपेंग या भागात नेले गेले, आणि तेथेच आजचा चिनी बाजार भरभराटला. गाभाऱ्यातील ती हिरवी मूर्ती १७७९ मध्ये लाओसच्या व्हिएन्तियान नगराचा पाडाव करून आणलेली आहे. व्हिएन्तियानमध्ये तिचे देवालय आजही आहे, पण त्यात ती मूर्ती नाही. तेथे आता संग्रहालय आहे. आणि ज्याने मोडलेला देश पहिल्यांदा उभा केला, त्या ताक्सिनचा चक्री दिनात वाटा नाही. थाई लोक मात्र त्याला विसरले नाहीत. १९५४ मध्ये थोनबुरीत त्याचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला आणि २८ डिसेंबर हा त्याचा स्मरणदिन पाळला जातो. एका सणात जे मावले नाही, त्याला लोकांनी दुसरा दिवस दिला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. पाया घालणारा मोठा की पडझड सावरणारा? चक्री दिनाचे उत्तर असे की, सावरणाऱ्यांच्या पिढ्या मागे उभ्या राहिल्या तरच पाया घालणाऱ्याचे नाव टिकते. १८३२, १८८२, १९३२ आणि १९८२ या चार वेळी कोणीच पुढे आले नसते, तर १७८२ हे साल केवळ बखरीत उरले असते.

यातून गावाने घ्यावयाचा बोध साधा आहे. कलश चढला, समाराधना झाली, हिशेबाची वही मिटली, म्हणजे काम संपले असे समजू नये. छपरावरचे पहिले कौल सरकेल तेव्हा वर चढावयाचे कोणी, हे आजच ठरलेले असावे. देखभालीचा पैसा उत्सवाच्या पैशापासून वेगळा ठेवावा. काय पाडले, काय जुने राखले, कोणता दगड कोठून आणला, याची नोंद देवळाच्या दप्तरात असावी, म्हणजे पन्नास वर्षांनंतर काम करणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. आणि देणगीदारांच्या नावांची शिळा बसवताना एक ओळ गवंडी, सुतार, पाथरवट आणि डोक्यावरून वाळू वाहणाऱ्या बायाबापड्यांसाठी राखावी. बँकॉकच्या तटासाठी राबलेल्या हजारोंची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. येथे तर कामावरची माणसे ओळखीची आहेत, त्यांची नावे लिहिणे अवघड नाही. ज्यांनी पैसा दिला त्यांचे मोठेपण त्या एका ओळीने कमी होत नाही, उलट वाढते.

राजधानीला अडीचशे वर्षे २०३२ मध्ये पुरी होतील. आजवरचा पायंडा पाहता त्या निमित्ताने वात फ्रा केवच्या भिंतींवर पुन्हा कोणाचा तरी हात फिरेल आणि गळलेला रंग पुन्हा भरला जाईल. या देवळाच्या भिंतींनाही काळाने तसा हात मागितला, तर तो देणारी मुले आज या मंडपात खेळत आहेत. त्यांना हे देऊळ झाडावयास, सारवावयास आणि त्यात दिवा लावावयास आतापासूनच शिकवावे.